कोंबड्या, शेळ्या आणि शेजाऱ्याचें शेत

आमच्या शाळेंतील निम्म्याहून अधिक मुलें शेतकऱ्यांच्या घरचीं आहेत, आणि तीं घरें बहुधा लहान शेतकऱ्यांचीं. दोन-तीन एकर जमीन, एखादी गाय किंवा बैलजोडी, तीन-चार शेळ्या आणि अंगणांत दहा-बारा कोंबड्या, असा तो संसार असतो. अशा घरांत जनावर हें धन खरें. पण तेंच जनावर बांध ओलांडून शेजाऱ्याच्या मेथीच्या वाफ्यांत शिरलें कीं त्या धनाचा तंटा होतो. गांवोगांवचे जे तंटे आमच्या कानावर येतात त्यांत जमिनीच्या हद्दीवरून झालेले जितके, तितकेच शेळीच्या तोंडावरून आणि कोंबडीच्या पायांवरून झालेले असतात. म्हणून मोकळीं हिंडणारीं जनावरें आपल्या हद्दींत कशीं ठेवावीं, ह्याविषयीं कांहीं विचार विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा प्रश्न आजचा नव्हे. कुंपण कोणीं घालावें? ज्याचें पीक त्यानें, कीं ज्याचें जनावर त्यानें? निरनिराळ्या देशांनीं व काळांनीं ह्याचीं निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत गांवाभोंवतीं गुरांसाठीं मोकळा पट्टा राखावा असें सांगितलें असून, त्या पट्ट्यांत कुंपणावांचून पेरलेलें पीक गुरांनीं खाल्लें तर गुराख्यास दंड करूं नये असा निर्णय आहे. तेथें ज्याला पेरावयाचें असेल त्यानें कुंपण घालावें. आणि तें केवढें? तर उंटाला वरून डोकावतां येऊं नये इतकें उंच, व कुत्र्याला किंवा डुकराला तोंड घालतां येईल असें एकहि भोंक त्यांत राहूं नये इतकें दाट. कुंपणाचें माप जनावराच्या अंगावरून घ्यावें, हें ज्यानें लिहिलें त्यानें कुंपणें नीट पाहिलीं होतीं यांत शंका नाहीं.

इंग्लंडांत रीत याच्या उलट पडली. जनावर ज्याचें, तें आवरण्याची जबाबदारी त्याचीच. अमेरिकेच्या पश्चिम भागांत एकोणिसाव्या शतकांत पुन्हा उलट: गुरें मोकळीं आणि शेत बंद. त्या विस्तीर्ण माळांवर कुंपणाला लांकूड मिळेना, म्हणून शेतकरी हवालदिल झाला. १८७४ सालीं इलिनॉय प्रांतांतील जोसेफ ग्लिडन नांवाच्या शेतकऱ्यास कांटेरी तारेच्या एका सुधारलेल्या प्रकाराचा हक्क मिळाला, आणि थोड्याच वर्षांत त्या मोकळ्या कुरणांचें रूप पालटलें.

आपल्याकडे १८७१ सालीं गुरांनीं परक्या शेतांत शिरण्याविषयींचा कायदा झाला. पिकाची नासाडी करणारें जनावर शेतकऱ्यानें धरावें, चोवीस तासांच्या आंत कोंडवाड्यांत पोंचवावें, आणि मालकानें दंड व खाण्याचा खर्च भरून तें सोडवून न्यावें, असा त्याचा सारांश. महाराष्ट्रांतील खेड्यांत १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानंतर हें काम पंचायतींकडे आलें. ह्या जुन्या कायद्यांत ‘गुरें’ ह्या शब्दाखालीं कोणकोणतीं जनावरें येतात याची यादी दिली आहे. तींत हत्ती आहे, उंट आहे, घोडीं, गाढवें, डुकरें, मेंढ्या, शेळ्या व त्यांचीं करडेंसुद्धां आहेत. कोंबडी मात्र नाहीं! हत्तीला कोंडवाड्यांत जागा आहे, कोंबडीला नाहीं. तेव्हां कोंबडीचा तंटा सरकारच्या दारीं नेऊन भागणार नाहीं. तो दोन घरांनींच मिटविला पाहिजे.

पूर्वीं हे तंटे थोडे होत, त्याचें कारण पूर्वींचीं जनावरें गरीब स्वभावाचीं होतीं असें नव्हे. त्यांना जावयास जागा होती. गायरान होतें, डोंगर होता, पडीक रान होतें. जोतीराव फुल्यांनीं १८८३ मध्यें लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या पुस्तकांत, डोंगर व गायरानें जंगलखात्यानें घेतल्यामुळें गरिबांच्या गुरांना चरावयास ठिकाण उरलें नाहीं अशी कडक तक्रार केली आहे. त्यानंतर लोकवस्ती वाढली, जमिनीचे तुकडे झाले, विहिरीच्या पाण्यावर बारमाही पिकें आलीं. पूर्वीं पिकें निघालीं कीं शिवार सहा महिने मोकळें पडे आणि गुरें कोणाच्याहि शेतांत चरत. आतां उन्हाळ्यांतहि कोठें ना कोठें हिरवें उभें असतें. चाल मात्र जुनीच राहिली. दोष जनावराचा नाहीं. त्याच्या पायांखालचें गांव बदललें, हें त्याला कोणीं सांगितलेलें नाहीं.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. आमच्या मतें कुंपणाचा विचार दुसरा. पहिला विचार जनावराच्या स्वभावाचा. जनावर उगाच पळत नाहीं. त्याला कांहीं हवें असतें आणि तें आंत मिळत नाहीं, म्हणून तें बाहेर जातें. जें हवें तें आंत ठेवलें तर साधें कुंपण पुरतें. न ठेवलें तर किल्ल्याचा तटहि पुरत नाहीं.

प्रथम कोंबडी घ्या. ती मूळची रानकोंबडी; झाडीच्या कडेस पाचोळा उकरून किडे, बीं व अंकुर वेंचावे, धुळींत लोळावें, आणि दिवस मावळतांच उंच फांदीवर बसावें, हा तिचा कुळाचार. आपल्या अंगणांत तिनें हजारों वर्षें काढलीं तरी तो तिनें सोडलेला नाहीं. म्हणून तिला चार गोष्टी द्याव्या. उकरावयास पाचोळ्याचा किंवा भुसाचा ढीग. लोळावयास राख व कोरडी माती घातलेला एक खड्डा. बसावयास खुराड्यांत आडवा बांबू. आणि अंडीं घालावयास अंधाऱ्या कोपऱ्यांत गवताची टोपली. बांबू अंड्यांच्या टोपलीहून उंच असावा, नाहींतर ती टोपलींतच झोपते व अंडीं घाण होतात.

ह्याहून सोपी अशी एक युक्ति आहे, ती पालकांनीं अवश्य करून पाहावी. कोंबड्या पहाटे न सोडतां दिवस मावळण्यापूर्वीं दोन तास सोडाव्या. कोंबडी बहुधा दुपार होण्यापूर्वींच अंडें घालते. तोंवर ती आंत असली तर अंडें टोपलींत पडतें, शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजींत पडत नाहीं. सायंकाळीं सोडलेली कोंबडी फार लांब जात नाहीं, कारण अंधाराची ओढ तिला घराकडे आणते. परत येतांच खुराड्यांत मूठभर ज्वारी किंवा तांदळाची कणी टाकावी, आणि टाकतांना रोज एकच हांक मारावी. आठवड्याभरांत त्या हांकेवर सगळा कळप धांवत येऊं लागतो. बाजारांतून नवी कोंबडी आणली तर तिला पहिले सात-आठ दिवस मुळींच बाहेर सोडूं नये. आपलें घर कोणतें हें तिला तितक्या अवधींत ठाऊक होतें.

उडून जाणाऱ्या कोंबडीच्या पंखाचीं पिसें कातरावीं कीं नाहीं, असें मुलें विचारतात. कातरावीं, पण एकाच पंखाचीं. टोंकाकडचीं जीं दहा लांब पिसें असतात तीं अर्ध्यावर कातरलीं म्हणजे तिचा तोल बिघडतो आणि तिला उंच उडतां येत नाहीं. दोन्ही पंख कातरले तर तोल सांभाळला जातो, आणि धडपडत कां होईना ती कुंपण चढते. पूर्ण वाढलेलें पीस कातरतांना नख कापण्याइतकेंहि दुखत नाहीं. परंतु नव्यानें उगवणाऱ्या पिसाच्या देठांत रक्त असतें, त्याला कात्री लावूं नये. जुनीं पिसें गळून नवीं आलीं कीं काम पुन्हा करावें लागतें. आणि हें ध्यानांत ठेवावें कीं, पंख कातरलेल्या कोंबडीला कुत्र्यापासून उडून वांचतां येत नाहीं. जेथें वाडा पक्का नाहीं तेथें कात्री उचलूं नये.

वाड्याला जाळी लावतांना दोन गोष्टी चुकतात. एक म्हणजे वरच्या कडेला आडवा वासा ठोकणें. कोंबडी उडतांना बसावयाची जागा शोधते; वासा दिसला कीं ती त्यावर बसून पलीकडे उतरते. जाळीची वरची कड सैल, बसावयास जागा नसलेली, अशी सोडावी. दुसरी गोष्ट जमिनीची. मुंगूस, कोल्हा आणि रानमांजर वरून येण्यापेक्षां खालून उकरून येतात. म्हणून जाळीची खालची हातभर बाजू बाहेरच्या अंगास वळवून मातींत पुरावी. उकरणारें जनावर कुंपणाच्या अगदीं मुळाशीं उकरतें, आणि तेथें त्याला जाळी लागते. जाळीला पैसे नसतील तर बांबूच्या तट्ट्या चालतात, फक्त त्यांचे तळ दरवर्षीं पावसाळ्यानंतर पाहावे.

ज्यांचें अंगण अगदीं लहान आहे त्यांनीं तळ नसलेला, वरून व बाजूंनीं जाळी लावलेला, दोन माणसांस उचलतां येईल असा पिंजरा करावा. सहा फूट लांब व तीन फूट रुंद अशा पिंजऱ्यांत चार-पांच कोंबड्या दिवसा राहतात. तो रोज पुढें सरकवीत गेलें कीं त्यांना नवी जमीन मिळते, आणि मागें राहिलेली जमीन उकरलेली व खत पडलेली अशी तयार मिळते. भाजी निघालेल्या वाफ्यावर हा पिंजरा फिरविला तर नुकसान करणारी तीच कोंबडी शेतांत कामाला लागते.

कोंबड्या आवरण्याचें आणखी एक कारण आहे, आणि तें शेजाऱ्याच्या मेथीहून मोठें आहे. मानमोडी म्हणून ओळखला जाणारा कोंबड्यांचा घातक रोग आपल्या देशांत १९२७ सालीं हिमालयांतील राणीखेत येथें आढळला, आणि तेव्हांपासून त्याला तेंच नांव पडलें. रोगी कोंबडीची विष्ठा व तिनें तोंड घातलेलें पाणी ह्यांतून तो पसरतो. एका घरची कोंबडी चार घरांच्या उकिरड्यांवर फिरते, आणि चार घरांचीं खुराडीं आठ दिवसांत रिकामीं होतात. त्याची लस आहे आणि ती स्वस्त आहे. पण लस न दिलेल्या मोकाट कळपांत रोगाला वाट मोकळी असते. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें भारतांतील पहिली बर्ड फ्ल्यूची साथ उघडकीस आली, तेव्हां मोठ्या कुक्कुटपालनगृहांबरोबर आसपासच्या गरिबांच्या अंगणांतील कोंबड्याहि माराव्या लागल्या.

आतां शेळी. शेळीविषयीं लिहावयाचें म्हणजे जरा सांवरूनच बसावें लागतें, कारण कुंपण घालणाऱ्या मनुष्याची परीक्षा पाहण्यासाठींच ती जन्मास आली आहे असें वाटतें. गाय खालीं पाहून गवत चरते. शेळी वर पाहून पाला खाते. ती मागच्या पायांवर उभी राहते, तिरप्या झाडावर चढते, सैल खांबावर अंग घासून तो पाडते, आणि एकदां सांपडलेली वाट विसरत नाहीं. एक शेळी वाट काढते व बाकीच्या तिच्यामागून जातात. म्हणून कळपांत ती पहिली कोणती हें ओळखून प्रथम तिचा बंदोबस्त करावा.

शेळीसाठीं कांटेरी तार वापरूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. ती दोन तारांमधून अंग घालते, कातडी फाटते, कास चिरते, आणि तरीहि ती बाहेर जातेच. विणलेली जाळी चार फूट उंचीची असावी. तिचीं घरें एकतर शिंगासकट डोकें आंत जाणार नाहीं इतकीं लहान, नाहींतर डोकें सहज परत निघेल इतकीं मोठीं असावीं. मधल्या मापाच्या घरांत शेळी अडकते आणि कुत्र्यांच्या तोंडीं पडते. कुंपणाजवळ दगडांचा ढीग किंवा उलटी टोपली ठेवूं नये. ती तिची पायरी होते.

जिवंत कुंपण स्वस्त, पण तें शेळीच्या न खाण्याचें पाहिजे. शेर, मोगली एरंड, घायपात ह्यांना ती सहसा तोंड लावीत नाहीं. शेराचा चीक डोळ्यांस फार घातक आहे, तेव्हां त्याच्या फांद्या लहान मुलांकडून तोडवूं नयेत. कोंकणांत दगडी गडगा व त्यावर करवंदीची जाळी अशी जोडी दिसते, ती उत्तम. देशावर बाभळीच्या व बोरीच्या कांट्यांची वई घालतात. ती एक हंगाम टिकते आणि दुसऱ्या हंगामांत चुलींत जाते.

ह्या ठिकाणीं फड्या निवडुंगाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. ही वनस्पति अमेरिकेची. आपल्याकडे ती कुंपणाला फार सोयीची म्हणून लावली गेली, आणि एकदां रुजल्यावर बांध सोडून माळ, गायरानें, ओढे सर्व व्यापून बसली. कुंपणानेंच शेत खाल्लें, ही म्हण अक्षरशः खरी झाली. १९२६ सालीं ह्या निवडुंगावरच जगणारा एक बारीक कीटक सिंहलद्वीपांतून मुद्दाम आणून सोडला, आणि त्यानें कांहीं वर्षांत तीं रानें साफ केलीं. मोकाट सुटण्याचा अधिकार केवळ जनावरांनाच आहे असें नाहीं!

दाव्यानें बांधून चारणें ही मधली वाट. तींत दोष आहेत, पण काळजी घेतल्यास ती चालते. दावें बारा-पंधरा फुटांचें असावें, खुंट्यापाशीं भोवरकडी असावी म्हणजे पीळ पडत नाहीं, गळ्यांत फांस न घालतां रुंद पट्टा बांधावा, आणि झाड, दगड किंवा दुसरी शेळी दाव्याच्या घेरांत येऊं नये. उन्हाच्या वेळीं सावली व पाणी पाहिजे. बांधलेल्या शेळीला पळतां येत नाहीं; म्हणून जेथें भटके कुत्रे आहेत तेथें तिला एकटी सोडूं नये.

परंतु खरी वाट म्हणजे शेळीला पाल्याकडे न सोडतां पाला शेळीकडे आणणें. मोठ्या शेळीला दिवसाला सुमारें तीन-चार किलो हिरवा पाला व थोडा सुका चारा लागतो. बांधावर शेवरी, हदगा, सुबाभूळ हीं झाडें ओळीनें लावलीं तर दुसऱ्या पावसाळ्यापासून त्यांचा पाला कापतां येतो. सुबाभळींत मायमोसिन नांवाचा अपायकारक अंश असल्यामुळें एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक ती देऊं नये. पाल्याची जुडी जमिनीवर न टाकतां शेळीच्या तोंडाहून किंचित् उंच टांगावी. पायांखालीं तुडविलेला पाला शेळी खात नाहीं, आणि मान वर करून खाण्याची तिची हौस भागते. गोठ्यांत दर शेळीला दहा-बारा चौरस फूट जागा व बाहेर हिंडावयास त्याच्या दुप्पट अंगण असलें म्हणजे ती शांत राहते. गोठ्यांतच पडणारें लेंडीखत हा वरचा लाभ.

येथें आम्हांस पालकांशीं दोन शब्द बोलावयाचे आहेत. आषाढ-श्रावणांत आमच्या हजेरीपटांत रिकाम्या जागा वाढतात. कारण विचारतां एकच उत्तर येतें: “शेळ्यांमागें होतों, गुरुजी.” पिकें उभीं असतात, शेळ्या मोकळ्या सोडतां येत नाहींत, आणि चार शेळ्यांमागें एक मूल दिवसभर काठी घेऊन उभें राहतें. मुलांमध्येंहि बहुधा मुलगीच, आणि ती पांचवी-सहावींतली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाला. पण शेळीनें कायदा वाचलेला नाहीं, आणि शेजाऱ्याचें नुकसान भरून देण्याची ऐपत ज्यांच्यापाशीं नाहीं त्या आईबापांनीं दुसरें काय करावें, हा प्रश्न आम्ही हलका मानीत नाहीं. तरी हिशेब करून पाहावा. बांधावर दोन ओळी शेवरी असल्यास चार शेळ्यांचा दिवसाचा पाला एका मोठ्या माणसानें सकाळीं तासाभरांत कापून टांगतां येतो. त्या एका तासाच्या मोबदल्यांत मुलीचे सहा तास शाळेला मिळतात. जाळीला लागणारा पैसा पुष्कळांना जड आहे. ही शेवरी जड नाहीं, बियांची मूठ पुरते.

ज्यांना बांधच नाहीं त्यांचें काय, असें कोणी विचारील, आणि विचारणें योग्य आहे. गांवांतील पुष्कळ शेळ्या-कोंबड्या भूमिहीनांच्याच असतात. मोकळी शेळी हेंच त्यांचें शेत. अशांनीं चार-पांच घरांनीं मिळून एक जाणता गुराखी ठेवावा व त्याला महिन्याचें वेतन द्यावें, ही जुनी रीत अजूनहि चांगली आहे. आणि शेत असणाऱ्यांनीं आपल्या कापलेल्या बांधाचा पाला अशा घरांना नेऊं द्यावा; तितकें कुंपण वांचतें.

गाईबैलांविषयीं थोडेंच लिहूं, कारण तीं बहुधा दावणीला असतात. खोडकर जनावराच्या गळ्यांत लोढणें अडकविण्याची चाल आहे; त्यानें गुडघे सोलतात व तें जनावर कामांतून जातें, म्हणून ती सोडावी. पुढचे पाय आंखूड दोरीनें बांधण्याचा पायबंदहि तास-दोन तासांपुरताच ठीक. कानांतील बारा आंकड्यांचा पिवळा बिल्ला काढून टाकूं नये. जनावर चुकलें किंवा कोंडवाड्यांत गेलें तर मालक त्यावरून सांपडतो.

इतकें करूनहि एखादे दिवशीं जनावर पलीकडे जाईलच. अशा वेळीं शेजारी ओरडत येण्यापूर्वीं आपण त्याच्याकडे जावें, वाफा पाहावा, आणि नुकसान त्याच दिवशीं ठरवून द्यावें. रोख नसल्यास अंडीं द्यावीं, खत द्यावें. दुसऱ्या दिवशीं तोच वाफा दुप्पट मोठा झालेला असतो. शेजाऱ्यानेंहि जनावरावर दगड न टाकतां तें धरून बांधावें व निरोप धाडावा. पाय मोडलेल्या शेळीचा तंटा मेथीच्या तंट्याहून वर्षानुवर्षें अधिक चालतो.

एक बारीक गोष्ट राहिली: फाटक. जनावरें जितक्या वेळां कुंपण मोडून जातात त्याहून अधिक वेळां उघड्या फाटकांतून जातात, आणि फाटक उघडें टाकणारीं बहुतेक आमचीच मुलें असतात. फाटक आंतल्या बाजूस उघडणारें असावें, म्हणजे शेळीनें आंतून रेटलें तरी तें घट्टच बसतें. आणि त्याला वरून दगडाचें वजन बांधावें, म्हणजे तें आपोआप मिटतें.

शाळेच्या बागेच्या बांधावर यंदा शेवरीच्या शेंगा पुष्कळ धरल्या आहेत. ज्यांना बीं हवें असेल त्यांनीं उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं वर्गशिक्षकांकडे नांव द्यावें. तें रात्रभर पाण्यांत भिजत घालून मृगाच्या पावसावर बांधाच्या आंतल्या अंगास वीतभर अंतरानें पेरावें, आणि पहिल्या वर्षीं शेळी त्याच्याजवळ जाणार नाहीं एवढें पाहावें.